वेल्सच्या विहीणबाईंची ओटी

१० मे २०१६, मंगळ. क्लेमेंटी, सिंगापूर
मुक्ताचं तिकडे विलायतेतच ठरलं म्हणे. मुलगा ह्यू, वेल्समधल्या समुद्राकाठच्या कुठल्याशा इवल्या गावचा. गावाचं नाव घ्यायला गेलं की जीभ अडकते. शुक्रवारी निघायचं, विहीणबाईंना भेटायला. अजयला चांगीच्या ऑफिसातून जेमतेम आठवडा मिळाला. खुशाल टीव्ही बघतोय. मुलीचा बाप आहे की शेजारी! पैठणी घेतली, खण घेतला. नारळ नेऊ देतील? सासूबाई म्हणाल्या, "सुकं खोबरं ने. आणि जिवाला घोर लावून घेऊ नकोस." त्या इथेच राहणार. तोही एक घोर.

१४ मे, शनि.
पोचलो. काय वारा! एक रस्ता, एक धक्का, टेकडीवर चॅपल. घरांना जहाजांची नावं. इथले बाप्ये पिढ्यानपिढ्या कप्तान. चॅपलमागे त्यांची थडगी: कुणी चिलीत गेला, कुणी कलकत्त्यात, आणि एकावर चक्क सिंगापूर. काटाच आला.

मेगन, ह्यूची आई, उंच आणि हसरी. भिंतीवर नवऱ्याचा गणवेशातला फोटो. मी आपली विचारते, "सध्या कुठे असते बोट?" ह्यू म्हणाला, "वादळात गेले. मी लहान होतो." धरणी दुभंगली असती तर बरं! मुक्ताला बाजूला घेतलं, आधी सांगायचं नाही? तर म्हणते, "सांगितलं असतं तर पैठणी घेतली असतीस?"

आता ओटीचं काय करू? विधवेची... अजय म्हणे, तुझं तू बघ.

१५ मे, रवि.
घात झाला. पैठणी मेगनच्या हातात नुसती दिली. तेवढ्यात तिची बहीण आली, नवऱ्याबरोबर. हात सवयीने करंड्याकडे. तिला कुंकू लावलं, खण-खोबऱ्याने ओटी भरली. मेगन कौतुकाने बघत होती, आणि तिने स्वतःचं कपाळ पुढे केलं!

मी म्हटलं, "संपलं." करंडा उघडा, काठोकाठ भरलेला.

मुक्ता मला धक्क्यावर घेऊन गेली. "पुन्हा असं केलंस ना आई, तर लग्नाला तू नसशील." एवढंच बोलली. परत येताना माझ्या पुढे चालत होती.

१९ मे, गुरु. घरी
मुक्ता फोन उचलत नाही. चार जूनला ती, ह्यू आणि मेगन तिघं इकडे येणार, तिकिटं आधीच काढलेली.

२४ मे, मंगळ.
सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, निदान या तरी माझी बाजू घेतील. गवार मोडत होत्या. म्हटलं, "या पोरीला एवढं लागायचं कारण काय?" तर म्हणाल्या, "तुझ्या हळदीकुंकवाला मंडळाच्या बायका येतात, तेव्हा मी आतल्या खोलीत बसते. मुक्ता यायची माझ्यापाशी, अगदी लहान होती तेव्हापासून. का यायची, विचारलंस कधी?"
आवाज चढला नाही की काही नाही. मी उगाच गॅस पुसला.

२ जून, गुरु.
परवा येणार. मेगनची ओटी भरायची, कुंकू लावायचं, ठरलं. मुक्ताला तसं कळवलं. उत्तर: "बघू." तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पण मेगनच्या आधी सासूबाईंना नको का? सकाळी करंडा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "काय गं?"
"काही नाही. चहा टाकू?"
त्यांनी करंडा पाहिला. कपाळावरचे केस मागे सारले, माझ्या हाताकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "टाक."