बरोबर नसलेला चष्मा

९ मार्च

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. बाबाही तसे बरे आहेत. 'तसे' हा शब्द खोडणार होते, पण राहू दिला.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरं, बरं" म्हणत लगेच ठेवून देतेस, आणि आपल्या घरात फोनला आवाज नीट येतो तो फक्त बाबांच्या खुर्चीजवळ. मला तुझी एक परवानगी हवी आहे. ती त्यांच्यासमोर मागता येणार नाही.

आधी इकडची खबरबात. प्रयोगशाळेत आता दवाखान्यांचे आणि औषधांच्या दुकानांचे नाजूक वजनकाटे माझ्याकडे दिले आहेत. काटा तपासून पास झाला की त्यावर हिरवी पट्टी चिकटवायची, तिच्यावर 'बरोबर' असं छापलेलं असतं. काम शांत आहे, मला आवडतं. खालच्या मजल्यावरच्या काकू तुझी चौकशी करतात. बाबांचं दुकान दोन महिन्यांपासून बंद आहे. लोक अजून शिलाई मशीन घेऊन येतात, कुलूप पाहतात आणि घरी येऊन दार वाजवतात. बाबा त्यांना दारातच सांगतात, "सुट्टीवर आहे." जन्मात कधी सुट्टी न घेतलेला माणूस.

गेल्या महिन्यात ते मला म्हणाले, "तुझ्या त्या हिरव्या पट्ट्या उरतात का गं?"

"कशाला?"

"मीही जरा घरातली तपासणी करतो म्हणतो. रिकामाच बसलोय."

एका गुंडाळीवर छपाई तिरकी आली होती, ती टाकूनच द्यायची होती. मी आणून दिली. मला वाटलं, वेळ जाईल त्यांचा. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारलाय, 'काट्याला तेल घालता का?'

मग घरभर हिरव्या पट्ट्या दिसू लागल्या. त्यांच्या लहान स्क्रूड्रायव्हरवर एक, लोकरी टोपीच्या आत एक. कान तुटलेल्या कपावर एक. मी तो कप त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हा नापास."

"मला चालतो."

"तपासणी अशी नसते बाबा. कान नाही त्याला."

"मी कुठं त्याच्याशी बोलायला चाललोय?"

मी पट्टी काढली की ते दुसरी लावायचे. आठवडाभर आमचा हा खेळ चालला. टेबलावरच्या घड्याळावर पट्टी दिसली तेव्हा मी पुराव्यानिशी सांगितलं, "हे रोज मागे पडतं."

त्यांनी घड्याळ हातात घेतलं. म्हणाले, "हो? मग राहू दे मागे. तुला होईल." आणि ती पट्टी स्वतःच्या हाताने काढली. आपण जिंकलो म्हणून मी हसले.

मागच्या रविवारी पट्टी चष्म्यावर आली. हा चष्मा तुझा आहे, आई. तपकिरी फ्रेमचा, उजव्या काडीला दोरा गुंडाळलेला. तो प्रवासात हरवला असं समजून तू तिकडे नवा करून घेतलास. तो हरवला नव्हता. खिडकीत राहिला होता आणि तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा तो लावताहेत. शिवणाची सुई ओवताना हात लांब करतात, डोळे बारीक करतात, मग डोकं दुखतं म्हणून कपाळ चोळत बसतात. मी त्यांच्या नंबरचा करून आणलेला चष्मा खणात पडून आहे. त्याला पट्टी नाही.

मी म्हटलं, "बाबा, हा काही बरोबर नाही."

"आहे."

"नंबर तुमच्या नंबरच्या निम्मा आहे. मी मोजून घेतलाय."

"नंबराचं कोण बोलतंय?" ते चिडले. "माझ्या बरोबर, म्हणतोय मी. मला पुराल तेव्हा माझ्या बरोबर द्यायचा." मग जरा खालच्या आवाजात, "हसू नकोस."

मी हसत नव्हते.

त्यानंतर मी घरात पुन्हा एकदा फिरून सगळ्या पट्ट्या पाहिल्या. टोपी, स्क्रूड्रायव्हर, कप. ज्यांवर पट्टी नव्हती त्या वस्तूही पाहिल्या. दुकानातून घरी आणलेली मोठी हत्यारं, घड्याळ, घराच्या किल्ल्या. हे सगळं मागे, म्हणजे मला. एक शब्द मी रोज कितीदा तरी चिकटवते आणि माझ्याच घरात तो मला वाचता आला नाही.

त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. या महिन्याच्या चोवीस तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "वय पाहता शक्यता चांगली आहे." मी विचारलं, "चांगली म्हणजे किती?" त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. आकडा गाळायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

तुला कळवायचं नाही अशी बाबांची ताकीद आहे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कळवलंस आणि ती आली नाही, तर मी काय करू?" एवढं बोलून टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून परवानगीचं. चष्मा तुझा आहे. तुझी वस्तू तुला न विचारता कोणाबरोबर जमिनीत जावी हे मला पटत नाही. मी दफनभूमीच्या ऑफिसात फोन करून आत काय काय ठेवता येतं ते विचारलं. तिथले गृहस्थ भले होते. म्हणाले, "कपडे, कागद, काहीही ठेवा. बॅटरीचं काही नको. काचेचं साहेबांना विचारून सांगतो. वारले कधी?" मी म्हटलं, "अजून नाही." ते म्हणाले, "मग घाई काय आहे, ताई?" मी फोन ठेवला. आता रोज प्रयोगशाळेत एकच काटा दोन-दोनदा तपासते, मगच पट्टी लावते.

तू हो किंवा नाही एवढं कळवलंस तरी चालेल, असं मी या पत्राच्या पहिल्या कच्च्या कागदावर लिहिलं होतं. ते खोटं होतं. एवढं चालणार नाही.

काल दवाखान्यात नाव नोंदवायला गेले होते. सिस्टरनी समजावून सांगितलं की आत नेण्याआधी अंगावरचं सगळं, चष्मा, घड्याळ, कवळी, एका पिशवीत घालून बाहेर थांबलेल्या माणसाकडे देतात. ऑपरेशन संपेपर्यंत ती पिशवी त्याने सांभाळायची. मग त्यांनी विचारलं, "बाहेर कोण कोण असणार?"

"मी," म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "आणि?"

तुमच्यात काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. तू त्यांच्याशी बोलावंस असंही म्हणत नाही. नुसती बाकावर बस. ती पिशवी मला एकटीला धरवणार नाही, आई. मला फार भीती वाटते आहे.

सिस्टरना मी म्हटलं, "विचारून सांगते."

तर, विचारते आहे.

तुम्हा दोघांची,
मुलगी