काचेला लावलेले हात

अण्णा, तुमचा खोकला आता कसा आहे? आईला तिथे तरी जिने उतरता येतात का? काकूंचे गुडघे? माझंही कंबरडं हल्ली कुरकुरतं, वयच झालं. तुम्ही सगळे जाऊन किती वर्षं झाली, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

आज शेजाऱ्यांनी नवी माशांची टाकी बघायला बोलावलं, आणि मी मासे सोडून वरची आडवी पट्टीच बघत बसले. तुमचीच सवय. सत्तर सालच्या आसपास आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने नुसतं छत बघत पडू नये म्हणून तुम्ही तिच्या खाटेसमोर केवढी लांबलचक टाकी उभी केलीत! बजबजच्या तागाच्या गिरणीतून सुटलात की लोखंडी अँगल मांडीवर घेऊन लोकलने यायचात. सांधे पुट्टीने बुजवलेत आणि मधोमध पुढची नि मागची कड धरून ठेवणारी पट्टी बोल्टने आवळलीत. "पाणी शांत दिसतं, पण सारखं बाहेर ढकलत असतं. ही पट्टी नसली तर काचेला पोट येईल आणि एक दिवस फुटेल." त्यावर आई म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या काचेचीच काळजी जास्त!"

त्या वर्षी तिने हट्ट धरला, गणपती पाण्यात जाताना मला बघायचाय. पट्टीमुळे मूर्ती आत जाईना. मग तुम्ही मासे बादलीत काढलेत, पाणी निम्मं केलंत आणि पट्टी सोडवलीत. खालच्या मजल्यावरचे बंगाली बाबू दारात उभे राहून हसतात, "दादा, गोंगा तो काछेई!" गंगा जवळ आहे हे काय आपल्याला ठाऊक नाही? तुम्ही नुसता आईच्या खाटेकडे नि मग जिन्याकडे हात करता. मूर्ती तळाला टेकते, पण मुकुट पाण्याबाहेरच. आई मान उचलून बघते. "अहो, डोकं कोरडंच राहिलं की." तुम्ही सोडवलेल्या पट्टीकडे बघता, मग काचेला दोन्ही तळहात लावून उभे राहता आणि मला म्हणता, "ओत." मी कळशी ओतते. काच फुगताना दिसते. सांध्यातून सुटलेलं पाणी तुमच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळतं. "अण्णा, बास?" "ओत गं." कुमारटोलीच्या मूर्तिकारांची न भाजलेली कच्ची माती ती, पाणी गढूळ होतं, मुकुट दिसेनासा होतो. आई हात जोडते, "पुढच्या वर्षी लवकर या." आम्हीही जोडतो. तुम्हाला जोडता येत नाहीत.

काच टिकली. पुढच्या गणपतीला आई नव्हती. टाकी भरायची तुम्ही बंद केलीत, पण आत थेंबभर पाणी नसतानाही जाता-येता पट्टीचे बोल्ट चाचपून बघायचात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील माझ्या उशीखालीच. पण एक सांगायचं राहून गेलंय. तुमचे हात गुंतले होते म्हणून तुमच्या वाटचा नमस्कारही त्या दिवशी मीच केला, आणि बाप्पाजवळ आईला मागायचं सोडून, काच टिकू दे, एवढंच मागितलं. त्याने तेवढंच दिलं. तुमचे हात मोकळे असते तर तुम्ही काय मागितलं असतंत, ते कळवा. लवकर लिहा.