एका कॉम्प्युटरातली तीन बिऱ्हाडं

ब्रह्मपुरी,
मार्च २००९

प्रिय जिशान,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "आपा, कॉम्प्युटर विकून टाक आणि इकडे राहायला ये," असं तू म्हणालास आणि मी नुसतं हो-हो केलं. तो होकार समजू नकोस. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड, म्हणून लिहून कळवते.

तू नोकरीसाठी हैदराबादला गेलास आणि मागे लग्नपत्रिकांचं दुकान, तुझा कॉम्प्युटर आणि मी असे उरलो. निघताना बॅग उचलता उचलता म्हणालास, उर्दू पत्रिका व्हर्च्युअल पीसीत, मराठी व्हीएमवेअरमध्ये, तेलुगू व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच चालणाऱ्या तीन वेगळ्या मशिनी. मी मान डोलावली, कळलं काडीचंही नाही. जे जिथं चाललं ते तू तिथं बसवलंस. अम्मी मसाले असेच ठेवायची, हाती लागेल त्या डब्यात. पहिल्यांदा उर्दूचं उघडलं आणि त्या चौकटीत आपला जुना विंडोज अठ्ठ्याण्णवचा कॉम्प्युटर चालू झाला, तोच निळा-हिरवा पडदा, तेच सुरुवातीचं संगीत. तो तर आपण भंगारात दिला होता ना रे? मी तोंडात बोट घालून बसले. एकाच घरात तीन बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतं की अख्खं घर आपलंच.

तेलुगूचं उघडलं तेव्हा तर माझे हातच थांबले. अम्मी आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंच्याची, म्हणून ती अक्षरं मला येतात. तू जिथं काम सोडलं होतंस तिथंच ते जागं झालं. कुठल्याशा नवरदेवाचं नाव अर्धं टाइप केलेलं, पुढे रेघ लुकलुकत होती. तू चहा प्यायला उठला असशील आणि आत्ता येशील, असं वाटलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग कोलूभाऊ आले, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचे. मुलीचं लग्न ठरलेलं, व्याही सिरोंच्याकडचे, म्हणून पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी तेलुगू. मी शहाणपणा करून दोन्ही मशिनी एकदम उघडल्या. बिचाऱ्या कॉम्प्युटरची मेमरी ती किती, जागच्या जागी गोठला. बटण दाबून बंद केला आणि वाटलं, तुझी सगळी मेहनत बुडवली. पण तू प्रत्येकीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची जशीच्या तशी नक्कल, घेऊन ठेवला होतास. भीत भीत त्यावर परत गेले तर सगळं जिथल्या तिथं, काही घडलंच नव्हतं जणू. मागच्या दिवसात परत जायची सोय अल्लाने माणसाला दिली नाही आणि या डब्याला दिली, याचं नवल अजून ओसरत नाही. आता एकीला झोपवते, मगच दुसरीला उठवते.

मराठी बाजूची पहिली प्रत कोलूभाऊंना दाखवली. त्यांनी ती वळवून वळवून पाहिली आणि हळूच म्हणाले, "बाई, गणपती चांगलाच हाय, पण आमचा नाई. वर आमचं 'जय सेवा' लिहा ना." प्रत्येक मराठी पत्रिकेवर असतो म्हणून सवयीने मीच तो राहू दिला होता. मुसलमानाच्या दुकानात गोंडाच्या पत्रिकेवर गणपती, आम्ही दोघंही पोटभर हसलो. मग त्यांना शेजारी बसवून मुलीचं नाव दाखवलं. सोमारी, आधी मराठीत. ती मशीन झोपवली, दुसरी उठवली, आणि तेच नाव तेलुगूत. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे दोघं एकमेकाले ओळखतेत का?" मी म्हटलं, नाही, एकीला दुसरीचा पत्ताही नाही. "मंग तुमीच त्याहीची ओळख करून देऊन राह्यल्या," असं म्हणून त्यांनी पत्रिका दुपट्ट्यात गुंडाळली. एवढी वर्षं मला सगळे जिशानची बहीण म्हणून ओळखतात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी मला माझ्या कामावरून ओळखलं.

तू ठरवलेलं गिऱ्हाईक, गोंडपिपरीचा दसरू, परवा जीप घेऊन कॉम्प्युटर न्यायला आला होता. त्याला चहा पाजला, जेवू घातलं आणि रिकामाच परत पाठवला. रागावशील, तर रागव. अब्बा गेल्यापासून मी एकटी पडले म्हणून तुझा जीव खालीवर होतो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली, पडदे शिवले, हेही तुझ्या लेकीकडून, आफ्रीनकडून कळलं. बायकोला माझा सलाम सांग आणि त्या खोलीत मुलांना झोपू दे. मी ईदला येईन, चार दिवस पाहुणचार घेईन, पण राहायला येणार नाही.

तुझीच,
उमेरा आपा