कुलूपबंद पेटीतल्या पटाश्यांबाबत

आधी एका पटाशीचा हिशोब लिहितो, मग बाकीचं.

कुंजर छाप पटाशी, पाऊण इंची, सन १९६६. खरेदी पाच रुपये चाळीस पैसे. शिसवी दांड्याचे जादा नव्वद पैसे. रेल्वेभाडं आणि हमाली वाटणीला अकरा पैसे. विक्री साडेसात रुपये. माझा नफा एक रुपया नऊ पैसे. खर्चात धरायचा राहिला तो प्रेमलाल मिस्त्रीचा डावा डोळा.

हा हिशोब माझ्या मागे तरी नीट लागावा म्हणून मी, टिकाराम वल्द डोमाजी नंदागवळी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सुतारी हत्यारांची विक्री, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. दाब टाकू शकेल असं माणूस घरात एकच, माझी पत्नी शेवंताबाई, आणि ती या घडीला अंगणात धान पाखडते आहे. वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा, कचेरीला सोपं जाईल. मी म्हटलं, कचेरीला थोडं जड जाऊ द्या, मला खरं लिहायचं आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करायलाही काही नाही.

१. राहतं घर, परसातली विहीर, पोस्टातलं पासबुक आणि घरातली भांडीकुंडी शेवंताबाईची. तिच्या हयातीत त्यावर कोणी बोट ठेवू नये. खाण सोडून दुकान टाकायचं म्हटलं तेव्हा तिने गळ्यातल्या पुतळ्या काढून दिल्या आणि म्हणाली, "बुडले त बुडले. पण घरी येऊन तोंड पाडून बसू नोका." पुतळ्या मी तीन वर्षांत सोडवून आणल्या. त्या तिच्याच होत्या, म्हणून त्या मी देतो असं लिहीत नाही.

२. दुकानाची जागा आणि सगळा चांगला माल मुलगा घनश्याम याचा. हे दुकान कसं उभं राहिलं ते त्याला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

चौदाव्या वर्षी मी तिरोडीच्या मँगनीज खाणीत लोहारकामावर लागलो. दगडाला भोकं पाडायच्या पोलादी सळ्या तिथे धारेला येत. पोलादात तडा असला तर तो डोळ्याला दिसत नाही. सळी दोरीला टांगून खिळ्याने ठोकायची. चांगली सळी लांबवर गात राहते, तडकलेली ठप्पकन् गप्प होते. तीस वर्षं मी हेच ऐकलं. सन छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी बालाघाटच्या बाजारात हत्यारांचं दुकान मांडलं. दीड महिना कोणी पायरी चढलं नाही. लोक लांबून बघत, कुजबुजत. ते काय कुजबुजत तेही मला ऐकू येई. मग एके दिवशी प्रेमलाल मिस्त्री आला. मी सवयीने आधीच सांगून टाकलं की मी कोण, कुठला, कोणाचा. तो म्हणाला, "अगा, मी पटाशी घ्याले आलो. तू गोत काहून सांगून राह्यला?"

त्याने माझ्यासमोर पटाशी वाजवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी चार सुतार घेऊन आला. तेव्हापासून रीत पडली. प्रत्येक हत्यार मी दोऱ्याला टांगून वाजवतो. पास झालं तर त्याच्या मानेवर, जिथे पोलाद मऊ असतं, पिंपळपानाचा ठप्पा मारतो. लोक छापही बघत नाहीत, पान बघतात. दांड्याविना असलेलं पोलाद माझ्या कानाला फसवू शकलेलं नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. बाजारात कोणालाही विचारावं.

३. कुंजर छापाबद्दल. हा माल सगळ्यांत महाग आणि सुरुवातीला तसाच चांगला. पन्नासांत एखादं हत्यार गप्प निघायचं. सन बासष्टनंतर कारखान्याने भाव दोनदा वाढवला आणि गप्प निघणाऱ्या पटाश्या आठांत एकवर आल्या. रंध्याचे तळ वाकडे, दांडे ओल्या लाकडाचे, चैतात सैल होऊन हातात येणारे. त्यांच्या एजंटाला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "सेठ, इतना कौन देखता है? नाम चल रहा है, चलने दो." मी वाईट पटाश्या परत पाठवल्या. पुढच्या खेपेला त्याच परत आल्या, नवा कागद, नवं तेल लावून. मी कानशीने केलेली खूण मानेवर तशीच होती. त्या दिवसापासून मी परत पाठवणं बंद केलं. मी पाठवतो आणि ते दुसऱ्या गावच्या दुकानदाराला खपवतात, तर मग मीच ती विकल्यासारखं झालं. असा गप्प माल मी सागाच्या पेटीत टाकून कुलूप लावतो. आज पेटीत एकशे त्रेचाळीस नग आहेत.

४. आता माझी चूक. सन सहासष्टमध्ये त्यांनी दांडे बसवून तयार पटाश्या पाठवल्या. खोक्यात आत लाल मखमल, दांड्यांना आरशासारखं पॉलिश. दांडा बसला की पोलाद गात नाही, चांगलंही आणि वाईटही, दोन्ही सारखंच ठक् करतं. दांडे काढून वाजवायला हवं होतं. पॉलिश खराब होईल म्हणून मी काढले नाहीत. लग्नसराई होती, माणसं उभी होती. मी छाप बघून ठप्पे मारले. जन्मभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं, तेच केलं.

प्रेमलालने त्यातली एक नेली. हट्टा गावी एका दाराची चौकट करताना तिची धार उडाली आणि पोलादाची कपची डोळ्यात गेली. बाजारात त्याने सांगितलं, ठोकायची लाकडी मोगरी वाकडी बसली. मी बघायला गेलो तर त्याची बायको जिजाबाई दारातच म्हणाली, "भाऊ, तुमच्याच पटाशीनं डोळा गेला. आन हे मोगरीवर नाव घेते."

"चूप बस वो," प्रेमलाल आतून म्हणाला.

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं गा?"

"तुले सांगतलं असतं त तू बजारात बोंबलला असता. मंग लोकं म्हणते, पाहा, याले हत्यारातलं काय समजते. इतक्या मेहनतीनं तुही पायरी चढवली लोकायले." मग तो हसला. "सुतार तसाबी फळी एकाच डोळ्यानं पाह्यते, टिकाराम. दुसरा रिकामाच होता."

मी हसलो नाही. उरलेल्या सगळ्या पटाश्यांचे दांडे त्याच रात्री उपसले. दुसऱ्या दिवसापासून एकेका सुताराच्या घरी गेलो आणि सांगितलं, माझ्या ठप्प्याचं काहीही वाईट निघालं असेल तर आणा, बदलून देतो. कोणीही काही आणलं नाही.

५. हे मृत्युपत्र आजच का. मागच्या महिन्यात मी तापाने दुकानाच्या मागच्या खोलीत पडलो होतो. डोळे मिटलेले होते. कान मिटता येत नाहीत. भैयालाल दलाल फळीपलीकडे घनश्यामला म्हणत होता, "बाबू, वो पेटी का सारा माल हम उठा लेंगे. बस पिताजी का ठप्पा लगा दो. पीपल का पत्ता देखके तो लोग आँख मूँदके लेते हैं."

घनश्याम म्हणाला, "बाबा हैं तब तक नहीं. बाद में देखेंगे."

घनश्याम, बेटा, तू "नहीं" आधी म्हणालास, ते मी ऐकलं. "बाद में"सुद्धा ऐकलं. तू वाईट नाहीस. तुझं हिंदी माझ्याहून चांगलं, हिशोब चोख, गिऱ्हाईक तुझ्याशी बोलून खुश होतं. पण तुला वाटतं, एक डोळा गेला तो नशिबाचा भाग. मला तसं वाटत नाही. म्हणून "बाद में" काय करायचं ते मी आत्ताच ठरवून जातो.

६. (अ) पेटीतला एकही नग विकू नये, देऊ नये, परत कारखान्याला पाठवू नये. माझ्या तेराव्याच्या खर्चात पैसे घालू नयेत, आपण तेरावं करतही नाही. त्याऐवजी कटंगीचा लोहार चैतराम याला बोलवून सगळा माल त्याच्या भट्टीत लाल करावा आणि राखेत रात्रभर निवू द्यावा. थंड्यावर घणाने फोडू नये, कपच्या उडतात. मऊ झालेल्या पोलादाच्या खुरप्या कराव्यात आणि धानाच्या निंदणीला जाणाऱ्या बायांना फुकट वाटाव्यात. खुरपी वाकली तर कोणाचा डोळा जात नाही.

(आ) पिंपळपानाचा ठप्पा मुलगी पुष्पलता हिचा, जी कटंगीला दिली आहे. ती सात वर्षांची असताना मी दहा पटाश्या वाजवल्या आणि ती पाटीवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, चवथी मेली." चौथीच होती. महिन्यातून दोनदा मोटारीने येऊन तिने माल वाजवावा, आणि नफ्यातला चौथा हिस्सा घ्यावा. तिने ठप्पा मारला नाही ते हत्यार नंदागवळींच्या दुकानात ठेवता येणार नाही. घनश्यामने बहिणीच्या मागे बनावट ठप्पा केला, तर त्या दिवसापासून दुकानाची जागाही पुष्पलताची. हे वाचून घनश्याम रागावेल. रागावू दे. राग निवेल, लेखी राहील.

७. माझी स्वतःची हत्यारं, म्हणजे खाणीतून आणलेली ऐरण, दोन कानशी, आणि वाजवायचा तो खिळा, प्रेमलालची. पेटीची किल्लीही त्याच्याकडे. (अ) मध्ये लिहिलेलं काम त्याने उभं राहून करवून घ्यावं. त्याच्या डोळ्याची भरपाई म्हणून मी काही लिहीत नाही. दोनदा पैसे नेऊन दिले, दोनदा जिजाबाईने त्याच रुमालात बांधून परत पाठवले, दुसऱ्यांदा वर लोणच्याची बरणी ठेवून.

८. समोरचा दुकानदार भोजराज चौदा वर्षं मला रोज सकाळी विचारतो, "काय टिकाराम, आरती झाली का?" कारण मी हत्यारं वाजवतो. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असं वकीलसाहेब सांगतात, आणि मला भोजराजला काहीच द्यायचं नाही, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावलं आहे. माफी मात्र दिली.

वरचं सगळं मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण बालाघाट. दिनांक २१ नोव्हेंबर १९७१, रविवार.

सही : टिकाराम डोमाजी नंदागवळी

साक्षीदार : १. भोजराज, दुकानदार, बालाघाट. २. दादाजी मिस्त्री, सुतार, कटंगी.

सहीनंतर वाढवलेला मजकूर, त्याच साक्षीदारांच्या देखत :

सही करून झाल्यावर दादाजी मिस्त्री जागचा उठेना. मग त्याने थैली उघडली आणि म्हणाला, "तुमी घरी आलते तवा मी खोटं बोललो, सेठ. तुमी लई जिवानं ठप्पा मारता. तोंडावर कसं सांगाव? आमच्या इकडं कोणीच नाही सांगतलं." त्याने चार नग सतरंजीवर मांडले. चारही वेगवेगळ्या सालांचे, चारहींवर पिंपळपान. मी प्रत्येक टांगून वाजवला. चारही गोड गातात. पोलाद मऊ आहे, धार पहिल्याच गाठीला दुमडते. मऊ पोलादही गातं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणून कलम ६ (आ) मध्ये एवढं वाढवावं : पुष्पलताने नुसतं वाजवून ठप्पा मारू नये, प्रत्येक हत्यार आधी सागाच्या गाठीवर चालवून बघावं, आणि सुताराला "बरं आहे ना?" असं न विचारता त्याची थैली उघडून बघावी.

दादाजीने आणलेले चारही नग रंध्याची पाती आहेत. रंध्याच्या पात्याला दांडा नसतो; कलम २ मधलं "एकदाही नाही" खोडून वाचावं.