गुलबक्षी रीळ

प्रिय ताई,

सात महिने झाले आपण बोललो नाही. तू हॉस्पिटलला लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. जिन्यापाशी लावलेलं माझं विषाणूचं चित्र काढून टाका, निदान त्याचा तो रंग तरी बदला, असं म्हटलंयस. रंग बदलायचं काम त्यांनी मलाच दिलंय. तुझा राग मला पटतो. त्याच विषाणूनं आजारी पडून आई आत होती आणि आपण अकरा दिवस त्याच चित्रासमोरच्या बाकावर बसून होतो. आई गेली त्या दिवशी तू म्हणालीस, तिला नेणाऱ्याला तू नटवून ठेवलंस.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू लहानपणी मला किडूक म्हणायचीस, तुझ्यासाठी मी ते किडूकच राहिले. डोळ्यांना न दिसणारं दहा लाख पट मोठं करून त्याचं चित्र काढायचं, तेही मोजूनमापून. प्रथिनाची गुंडाळी चुकून डावीकडे वळली, की शास्त्रज्ञ चित्र परत पाठवतात. मी दोनदा तोंडघशी पडलेय. रंगाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, कारण विषाणूला रंग नसतोच. उजेडालाही सापडणार नाही इतका तो लहान. आपण देऊ तो त्याचा रंग.

हे चित्र आई आजारी पडायच्या वर्षभर आधीचं. मी त्याला काळा-तांबडा देत होते. आई शिलाई मशीन सोडून उठली, चष्म्यावरून बघत म्हणाली, हे कसलं भूत? लोक मान फिरवून जातील. ज्याला ओळखायचं, त्याच्याकडे बघावंसं तरी वाटू दे की! आणि रिळांच्या डब्यातून गुलबक्षी रीळ काढून तिनं कागदावर उभं केलं. मी वाद घातला, मग हात टेकले. पुढे माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ती ऐकवायची, हॉस्पिटलातल्या जंतूचा रंग माझा आहे हं.

त्या बाकावर तुला हे कसं सांगणार होते? आईवर ढकलतेय असं वाटलं असतं. आता चार दिवस ब्रश हातात घेऊन बसतेय आणि नुसती रडतेय. तिनं माझ्यासाठी निवडलेली ती शेवटची गोष्ट आहे, ताई. एकटीनं पुसवत नाही. म्हणून तिचा रिळांचा डबा तुझ्याकडे पाठवतेय. तुला बघवेल तो रंग तूच काढ, मी मुकाट्यानं लावीन. गुलबक्षी रीळही आतच आहे. दोऱ्याचं टोक तिनं दातानं तोडलं होतं, ते तसंच आहे.

तुझीच,
किडूक