ड्रम न पाडता

सोहार, ओमान, १० जानेवारी २०१५

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

इथे कामाला असलेला आपल्या गावचा मधू उद्या सुट्टीवर खेडला निघतो आहे, म्हणून हे पत्र त्याच्यासोबत. सोबत खजूर आहेत. फोनवर तुमच्या कानातल्या यंत्राची शिट्टी वाजते आणि तुम्ही फक्त बरं बरं म्हणता, त्यामुळे महत्त्वाचे लिहूनच कळवते.

कंपनीने मला साइट इंजिनिअरची जागा देऊ केली आहे. सध्या मी वर्कशॉपमध्ये बसून इतरांनी आणलेले दाबमापक तपासते. नव्या जागेत पिकअप घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या बावीस कारखान्यांत स्वतः जायचे. अट एकच: ३१ मार्चच्या आत इथला वाहन परवाना. नाही मिळाला तर जागा रमणला. रमण वाईट नाही, पण आजच विचारत होता की साइट इंजिनिअरच्या खुर्चीची उंची कमी करता येते का.

परवान्यासाठी आधी ड्रमची परीक्षा असते. उभ्या ड्रमांच्या मधल्या जागेत गाडी उलटी घ्यायची. एकालाही लागली की घरी. मी दोनदा घरी आले आहे. माझी शिक्षिका रशीदा बलुची आहे, हिंदी माझ्यापेक्षा चांगली बोलते. तिचे म्हणणे, मी गाडी चालवत नाही, गाडीचा अभ्यास करते. ऑफिसात रमण मला ड्रम मॅडम म्हणतो.

तिसरी तारीख ३ फेब्रुवारी. घरी हे कोणाला सांगू नका. बाबा लगेच परत ये म्हणतील.

गुडघ्यांची काळजी घ्या. लोभ आहे हे गृहीत धरते.

तुमची,
यशश्री

*

खेड, १९ जानेवारी २०१५

चि. यशश्रीस अनेक आशीर्वाद.

खजूर पोचले. निम्मे तुझ्या आजीने लपवले, निम्मे मी शोधले. मधूला समोर बसवून विचारले की तिकडे स्टिअरिंग कोणत्या बाजूला, ड्रम किती, मधे किती पावले. त्याला वाटले म्हाताऱ्याचे डोके फिरले. मग चुन्याने अंगणात फक्की मारली आणि त्यालाच गाडी करून उलटा चालवला. दोनदा तुळशीला धडकला. तुझी आजी म्हणाली की फौजी गुरुजींची शाळा पुन्हा भरली वाटतं.

सोबत आकृती आणि नऊ सूचना आहेत. वाचून पाठ करू नकोस, करून बघ. गाडीत बसण्याआधी तिच्या मागून एक फेरी मार. मग बस. डावा खांदा, डावी खिडकी. पहिला ड्रम खिडकीच्या मागच्या कडेला आला की थांब, चाक पूर्ण वळव, आणि मग मुंगीच्या चालीने. घाई झाली तर थांब. थांबल्याने कोणी नापास होत नाही.

दहा वर्षे फौज आणि अठ्ठावीस वर्षे शाळा यांत एवढे शिकलो की मूल नापास झाले तर आधी मास्तराने आपली वही उघडावी. तेव्हा तू नापास झालीस तर दोष माझा.

घरी काही सांगितले नाही. तुझा बाप विचारत होता अंगणात फक्की कसली. खो-खो म्हणालो.

आमचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळून मागे घे.

आबा

*

सोहार, ६ फेब्रुवारी २०१५

ती. आबांना शि. सा. न.

तिसऱ्यांदा नापास. दोष तुमचा नाही. तो कसा घडला ते क्रमाने सांगते.

तुमच्या सूचना वाचल्यावर माझा तर्क असा: तुम्ही गाडी शिकलात भारतात, तिथे चालक उजवीकडे बसतो. इथे डावीकडे. म्हणजे सूचना उलटवायला हव्यात. मी नऊही सूचनांत डाव्याचे उजवे केले आणि आकृती खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूने उतरवून घेतली. सरावाला वेळ नव्हता, थेट परीक्षेत वापरली. उजव्या खांद्यावरून मन लावून पाहिले आणि डावीकडचा ड्रम आडवा केला. तो घरंगळत रशीदाच्या पायाशी गेला.

नंतर तिने विचारले की हे कोणत्या शहाण्याने शिकवले. मी तुमचा मूळ कागद दाखवला. तिने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली की शहाण्याचे बरोबर आहे, वेडी तू आहेस. म्हणजे तुम्ही मुळातच डाव्या स्टिअरिंगसाठी लिहिले होते, आणि मी ते न विचारता दुरुस्त केले.

काल मैदानावर तुमच्या मूळ सूचनांनी गाडी घेतली. सहापैकी सहा वेळा बरोबर. पुढची तारीख १७ मार्च. ती हुकली तर ३१ च्या आत दुसरी नाही.

आता एक प्रश्न. ही अंतरे नुसत्या विचाराने काढलेली नाहीत, कोणीतरी खूप वेळा करून पाहिलेली आहेत. डाव्या स्टिअरिंगची गाडी तुम्ही कुठे चालवलीत? मी तर तुम्हाला बाबांच्या गाडीतही कधी पुढे बसलेले पाहिलेले नाही. बाजाराला सुद्धा तुम्ही चालत जाता.

उत्तराची वाट पाहते. प्रेम कमी होऊ नये, गुण कमी झाले तरी.

यशश्री

*

खेड, २५ फेब्रुवारी २०१५

चि. यशश्रीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले.

डिसेंबर ७१. लढाई संपून आठवडा झाला होता. शत्रूच्या गाड्या ताब्यात आल्या, त्या मागच्या तळावर न्यायच्या होत्या. सगळ्या अमेरिकी बनावटीच्या, डाव्या स्टिअरिंगच्या. माझ्याकडे एक तीन टनी ट्रक आला, मागे ताडपत्रीचे छप्पर. मदतीला तानाजी, कऱ्हाडकडचा, माझा जिवलग. त्याला मी डावीकडे मागे उभा राहून इशारा दे म्हणालो. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन. मी डाव्या खांद्यावरून पाहत ट्रक मागे घेतला. तानाजी उजवीकडे होता. ओरडणे ऐकून थांबलो तेव्हा त्याचा पाय चाकाखाली गेलेला. घोट्याच्या वर कापावा लागला.

चौकशीत मला काही झाले नाही. साहेब म्हणाले अपघात आहे. पण एकदा, फक्त एकदा मी उजवीकडे मान वळवली असती तर तो दिसला असता. पुढचे अकरा दिवस मी तोच ट्रक तेलाच्या पिंपांमधून मागे घेत राहिलो. बाराव्या दिवशी किल्ली जमा केली. तुझी अंतरे तिथली आहेत.

इस्पितळात तानाजीला घरी पत्र लिहायचे होते, त्याला अक्षर येत नव्हते. रोज एक अक्षर शिकवले. तो माझा पहिला विद्यार्थी. मास्तर मी तिथे झालो, पुढचे डी. एड. नुसते कागदाला.

हे घरात फक्त तुझ्या आजीला माहीत आहे. आता तू दुसरी. गाडी मागे घेणे शिकवायचा अधिकार मला नाही, हे मी हुरूपात विसरलो. यापुढे ते रशीदाबाईंकडून शीक.

तुझ्यावरची माया आहे तशीच.

आबा

*

कऱ्हाड, १२ मार्च २०१५

चि. यशश्रीस तानाजी आजोबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र सुनेनं फोनवर दाखवलं, मी कागदावर लिहितो, ती फोटो काढून धाडील. तुझ्या बापानं नंबर दिला म्हणतेस, बरं केलं. पोरी, तू पत्र लिहितेस का समन्स काढतेस? एक ते सात प्रश्न! आमच्या सुभेदारानं एवढी जबानी घेतली नव्हती.

पहिल्या सहांची उत्तरं अशी. छप्पर लावलेलं होतं. उजव्या बाजूचा आरसा फुटलेला होता. मागचं उजवं चाक. चाकापासून मी हातभर अंतरावर. उजवा पाय. ऊन होतं. डावीकडे उभा राहा असं तुझ्या आजोबानं, गजेंद्रनं, दोनदा सांगितलं होतं, पण आपल्या गाड्यांना चालक उजवीकडे, मी सवयीनं तिकडं गेलो.

आता सातवा. माझं डोकं जमिनीपासून किती उंच होतं. हे आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. मी उभा नव्हतो. माझा कंगवा पडला होता. शिंगाचा, नवा, सासऱ्यानं दिलेला. चाक लागायच्या आधी उचलावा म्हणून उकिडवा बसलो. कंगव्यापायी पाय गेला हे पलटणीत सांगणार कसं? म्हणून इशारा देत उभा होतो म्हणालो, आणि तेच चालू राहिलं.

त्यात तुझा आजोबा दर दिवाळीच्या पत्रात माफी मागतो. त्रेचाळीस दिवाळ्या झाल्या. दर साली वाटतं, यंदा खरं लिहू. मग वाटतं, एवढ्या वर्षांनी सांगितलं तर तो काठी घेऊन येईल. माझं काही अडलं नाही बघ. पिठाची गिरणी घातली, पोरं शिकली, लाकडी पायावर सोसायटीची निवडणूक लढवली आणि पडलो, ते मात्र पायामुळं नाही.

त्याला तूच सांग. माझा धीर होत नाही. लोभ ठेव, आणि एवढे प्रश्न कोणा नवऱ्याला विचारू नकोस, पळून जाईल.

तानाजी

*

सोहार, २७ मार्च २०१५

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला न विचारता मी तानाजी आजोबांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सोबत जोडले आहे. ते आधी वाचा, मग हे.

वाचलेत असे धरून पुढे लिहिते. तुमचे म्हणणे, उजवीकडे मान वळवली असती तर तो दिसला असता. हे तपासता येते, म्हणून तपासले. त्या प्रकारच्या ट्रकची मापे जुन्या पुस्तिकेत मिळाली. चालकाचे डोळे जमिनीपासून १.९० मीटर. उजव्या खिडकीची खालची कड १.५० मीटर उंच, डोळ्यांपासून आडवी १.३० मीटर दूर. मागची काच छपराने झाकलेली, आरसा फुटलेला, म्हणजे पाहायला एवढीच खिडकी. तानाजी आजोबा डोळ्यांपासून आडवे साधारण दोन मीटरवर. तिथे १.२८ मीटरच्या खालचे काहीही त्या खिडकीतून दिसत नाही. उकिडव्या बसलेल्या माणसाचे डोके ७५ सेंटिमीटरवर. फरक ५३ सेंटिमीटर.

उभे असते तर दिसले असते. बसलेले दिसले नसते, मान कितीही वळवली तरी.

हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. उत्तर उलटे आले असते तरी कळवले असते, हे तुम्हाला माहीत आहे. आकृती सोबत आहे. कुठे चूक असेल तर सांगा. आणि अधिकार नाही म्हणून शिकवणे सोडणे मला मान्य नाही. माझा सराव तुमच्याच कागदावर चालू होता, रशीदाने तर त्याची प्रत तिच्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींना दिली आहे. त्या कागदाला ती आबा का पेपर म्हणते.

आजींना नमस्कार. आपल्यात जो लोभ आहे तो असाच चालू द्यावा.

यशश्री

ता. क. १७ तारखेला ड्रम आणि चढावर गाडी थांबवून पुढे घेणे, दोन्ही पार पडले. काल रस्त्यावरची परीक्षा झाली. पोलीस अधिकाऱ्याने शेवटी खलास एवढेच म्हटले, मला वाटले नापास. रशीदाने बाहेरून खिडकीतूनच मिठी मारली तेव्हा कळले. रविवारपासून पिकअप माझी. रमणने खुर्ची मोजणे थांबवले आहे.

*

खेड, ९ एप्रिल २०१५

चि. यशश्रीस अनेकोत्तम आशीर्वाद.

परवाना मिळाल्याची बातमी तू तळाला लिहितेस! तुझ्या आजीने पाकीट फोडून आधी तीच वाचली आणि आळीत पेढे वाटून आली, मला चार तासांनी कळले. तुझ्या बापालाही आता सगळे सांगितले. तो म्हणाला, खो-खो काय.

तानाजीला पत्र टाकले आहे. चार पाने नुसत्या शिव्या. अशी पत्रे लिहायला हात शिवशिवत असतो हे विसरलो होतो. पुढच्या महिन्यात एसटीने कऱ्हाडला जाणार आहे, काठी घेऊन.

तुझे गणित तपासले. पहिल्या दिवशी वाचवले नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात फक्कीने ट्रक काढला आणि दोरी लावून पाहिला. तुझ्यात एक चूक आहे. पुस्तिकेतला चालक उंच धरला आहे आणि तो नुसत्या गादीवर बसतो. मी बुटका, म्हणून कांबळ्याची जाड घडी बुडाखाली घेत असे. दोन्ही मिळून माझे डोळे दोन मीटरवर येत होते. हे तुला कळायला मार्ग नव्हता, तरी विचारायला हवे होते. म्हणून दहापैकी नऊ.

त्रेपन्न नव्हे, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर येतात. तीनदा करून पाहिले, एकदा तुझ्या आजीला उकिडवी बसवूनसुद्धा.

तरीही दिसत नाही.

तुझा,
आबा