रिकाम्या टाकीला दाणे

११ ऑगस्ट, सोमवार

टाकी आली! दोन फुटांची. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. तळाला वाळू, कोपऱ्यात फिल्टर, तीन रोपं. तुंगार्लीत पावसानं बाहेर सगळं पाणीच पाणी, आता आतही थोडं.

दुकानातला उमर म्हणत होता, "मॅडम, मासे आजच न्या. काय होत नाही." नको म्हटलं. वाचलंय मी. नवीन पाणी दिसतं स्वच्छ, पण माशांच्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो पचवणारे जंतू त्यात नसतात. मासे मरतात ते त्यानं. आधी जंतू, मग मासे. जंतू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. तोवर रोज माशांचे चिमूटभर दाणे रिकाम्या टाकीत टाकायचे — ते कुजतात, जंतूंची सोय होते.

सासूबाई बघत उभ्या.

"मासं कुटं हायत?"

"पुढच्या महिन्यात, आई."

"मग दाणं कुणाला घालती? भुताला?"

१७ ऑगस्ट, रविवार

हनुमंतभाऊजी गावाहून, कान्ह्याहून आले. अतुलचा, म्हणजे नवऱ्याचा, धाकटा भाऊ. घरचे तांदूळ आणले होते. जाताना चपलेत पाय घालता घालता बोलले, "वैनी, राग मानू नका. ऑक्टोबरात कोर्टात फारकतीचा निकाल लागला की आईला मी नेतो. दादा चुकलाच, त्यात वाद न्हाई. पण मग तुमी आमच्या कोण? आईनं हितं कुटल्या नात्यानं ऱ्हायचं?"

"आईंनी ठरवायचं," म्हटलं. शांतपणे म्हटलं.

अतुल तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, दुसरीच्या घरात. आई गेल्या नाहीत. ना त्याच्याकडे, ना गावाला. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. न विचारण्यावरच आमचं दोघींचं बरं चाललंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अमोनिया उतरला, आता नायट्राइट चढलंय. तेही विषच, पण काम चालू असल्याची खूण. पाणी तपासायची नळी जांभळी झाली. आईंना दाखवली.

"वांगं धुतल्यावानी," म्हणाल्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दाणे टाकायला गेले तर वर आधीच तरंगत होते! आई टाकतात. मला न सांगता. माझी चिमूट डब्यात परत टाकली.

१३ सप्टेंबर, शनिवार

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य!

आता मासे आणायचे, पण पितृपक्ष. आई नवं काही घेऊ देणार नाहीत असं धरून चालले होते. तर म्हणाल्या, "वस्तू आणत न्हाईत पितरांत. मासा काय वस्तू हाय? जीव हाय. आण जा."

सहा गप्पी आणले. उमरनं दिलेली पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली, मग त्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं घालत राहिले. एकदम सोडलं की बिचकतात. आई वैतागल्या, "नवी नवरी हाय का? किती ताटकळवायचं दारात!"

सुटले एकदाचे. संध्याकाळची मालिका लागली होती, पण आईंची खुर्ची टाकीकडे वळवलेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेजातून घरी आले. घट बसायच्या आधीची धुणी निघालेली. गोधड्या, पडदे, पायपुसणी, देवघरातली आसनं. दर वर्षी असतंच हे. गॅलरीतल्या दोरीवर गोधडीशेजारी चिमटा लावून फिल्टरचा स्पंज वाळत होता. पांढरा शुभ्र. धुण्याच्या पावडरीत घासलेला.

"केवडी घाण व्हती त्यात," आई खुशीत. "चार पाणी काढली तवा निवळला."

ती घाण म्हणजेच सगळं होतं. टाकीतलंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात नुसता पिळायचा असतो, तोही कधीतरी. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आणि मी काय म्हटलं? "माझ्या घरातल्या वस्तूंना मला विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका."

माझ्या घरातल्या.

आईंनी गोधडीची घडी घातली. कोपरे जुळवून. आत गेल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

मासे वर येऊन तोंडं उघडतायत. अमोनिया परत. दोन गेले.

पुस्तकी उपाय एकच — रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला थेंब. दाणे कमी. बादली भरायला गेले तर ती भरलेलीच होती, न्हाणीघराच्या दाराशी. आई बोलत मात्र नाहीत.

मलाही म्हणायचं होतं काहीतरी. "आई, परवा मी —" एवढं म्हटलं. पुढे निघालं ते, "चहा ठेवू का?"

"ठेव."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आई फोनवर होत्या. भाऊजींशी. "व्हय, निकाल लागू दे. दिवाळीत ये तू. न्हाई, लक्ष्मीपूजनाला नको, नंतर. येकटाच ये."

ठरलं म्हणजे. बरं झालं ठरलं ते. मला वाटलं होतं मला जास्त काहीतरी वाटेल. मी उठून पाणी बदललं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. चारही जण पोहतायत. आईंनी टाकीच्या काचेला झेंडूची माळ लावली, चिकटपट्टीनं. लावण्याआधी माझ्याकडे बघितलं — लावू का? त्यांनी विचारावं आणि मी मान डोलवावी, याचं फार वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

झालं. वडगावला कोर्टात फार वेळ लागला नाही. अतुलनं जिन्यात विचारलं, "आई कशी आहे?"

"मासे बघते."

त्याला कळलं नाही. सांगत बसले नाही.

घरी येऊन म्हटलं, "झालं, आई."

"बरं." मग, "जेवलीस का?"

ताटं दोन वाढलेली होती. तोवर त्याही जेवायच्या थांबल्या होत्या.

२० ऑक्टोबर, सोमवार

परत दोन्ही शून्य. सांगितलं त्यांना. "पाणी जमलं पुन्हा."

"जमतं," म्हणाल्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळं घर झाडलं, पण टाकीभोवतीची वीतभर जागा फडक्यानं नुसती टिपली. फिल्टरकडे बोटही नेलं नाही.

सकाळी भाताचं माप घेताना हात थांबला. एकटीसाठी किती लावतात? मला येत नाही तेवढा करायला. कधी केलाच नाही.

औषधांचा डबा भरून ठेवला. सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. शालनला फोनवर समजावायचं राहिलंय — हनुमंतभाऊजींची बायको, तीच बघेल आता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊजी सकाळीच आले. मी औषधांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. आईंनी तो उचलून परत कपाटात ठेवला. पाट मांडला, भाऊजींना त्यावर बसवलं, आणि ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं.

"आई, आज भाऊबीज आहे."

"ठावं हाय. मला लेक न्हवती, म्हून माज्या दोगा पोरांची भाऊबीज कदी झाली न्हाई." मग भाऊजींकडे वळून, "तू इचारत हुतास ना रं, ही आपली कोण? डोईवर काय तरी घे."

टोपी नव्हती. त्यांनी रुमाल घेतला. मी ओवाळलं.

दुपारी जेवून हनुमंत एकटाच कान्ह्याला परत गेला.